गादीची दुसरी बाजू

दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला जमैकाच्या माणसाकडे पहिल्यांदा जायचं असलं, तर प्रमोदिनीवहिनी बजावतात, "दारातच मोठ्यांदा गुड मॉर्निंग म्हणा, पुढे आलेली प्लेट नाकारू नका, आणि दुखवट्यात गाणी वाजली तर भांडू नका." हे शहाणपण आम्हाला सुखासुखी आलेलं नाही.

वहिनी डब्यांचा बिझनेस करतात. भारी कडक बाई! भाजीला नाव ठेवलं की त्या गिऱ्हाइकाचा डबा खलास. मागच्या वर्षी त्यांचे यजमान, जगन्नाथभावजी, इथेच हार्ट अटॅकने गेले. वहिनी बॉडी घेऊन चिपळूणला गेल्या, तेरावा उरकून परतल्या आणि दुसऱ्या दिवशी डबे सुरू. डोळ्यांतून टिपूस नाही. पण भावजींच्या पलंगाला कुणाला हात लावू देईनात. स्वतः किचनमध्ये चटईवर पडायच्या, झोप कसली ती! बाई निम्मी झाली होती. मी खालच्या मजल्यावरची शेजारीण, काही बोलले की म्हणायच्या, "ममता, तू तुझं बघ."

त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मिस आयव्ही राहतात, जमैकाच्या टीचर. त्यांची म्हातारी आई त्यांच्याकडेच असायची, ती वारली. नवव्या दिवशी आम्हाला बोलावणं आलं. त्यांच्यात नववी रात्र गाण्या-जेवणाने जागवायची रीत, पण रात्री आवाज झाला तर वॉचमन नोमान ओरडेल म्हणून दुपारी चारला. आम्ही दोघी पांढऱ्या साड्या नेसून पिठलं-भात घेऊन गेलो. सुतकाच्या घरात चूल कुठली पेटायला!

दार उघडलं आणि मी हादरलेच. स्पीकर ढणढणतोय, मासे तळतायत, पुरुष टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या फाडफाड आपटतायत, बायका चक्क नाचतायत! अगं बाई, आई गेलीय की बारसं आहे? आम्ही आपल्या रीतीने कुणाशी न बोलता, पुढे आलेली प्लेट नाकारून, मान खाली घालून भिंतीशी बसलो. तर एक आजी आमच्यावरच तडकल्या, "गुड आफ्टरनून नाही, काही नाही? घरातली माणसं दिसत नाहीत का तुम्हाला?" घ्या! उलट आम्हीच उद्धट!

वहिनी ताडकन उठल्या. "लाज नाही वाटत? घरातलं माणूस गेलंय आणि नाचता?" तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये ओरडल्या.

आयव्हींनी गाणं बंद केलं नाही. वहिनींचा हात धरून त्यांना आतल्या खोलीत नेलं. मी मागोमाग. आईची खाट दुसऱ्या भिंतीला सरकवली होती, गादी उलटी घातली होती.

"नऊ दिवस ती इथेच घुटमळते," आयव्ही म्हणाल्या. "आज तिच्या आवडीचं खाणं, तिची गाणी, आणि निरोप. गादी उलटली की तिला कळतं, इथलं संपलं. नाहीतर बिचारी अडकते."

वहिनींचा चेहरा पार उतरला. "उलटलीत? तुम्ही स्वतः?" एवढंच बोलल्या आणि तडक घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे खाली आलेच नाहीत. धावत वर गेले, तर वहिनी आयव्हींच्या दारात उभ्या.

"गुड मॉर्निंग, मिस आयव्ही," आधी नीट म्हणाल्या. मग म्हणाल्या, "गादी जड आहे हो. मला एकटीला उचलवत नाही."

तिघींनी मिळून उचलली आणि उलटी घातली. वरच्या बाजूला भावजींच्या अंगाचा खळगा पडला होता. खालची, आता वर आलेली बाजू कोरी, सपाट. वहिनींनी तिच्यावरून तळहात फिरवला, पुन्हा फिरवला. खळगा सापडला नाही. आणि बाईंनी असा हंबरडा फोडला की खालून नोमान धावत वर आला.

त्या दिवशी डबे गेले नाहीत. वहिनी त्याच पलंगावर संध्याकाळपर्यंत झोपल्या.