गाडी बावखलात कशी गेली

आमच्या गाडीच्या टपावर सोलर पॅनल आहे, आत छोटा फ्रीज आहे, खिडक्यांना पडदे आहेत, आणि दोन माणसं जेमतेम झोपतील एवढ्या जागेत संडाससुद्धा आहे. एवढा थाट असून ही गाडी तीन वर्षांत वालीवच्या गॅरेजपलीकडे गेलेली नाही. गॅरेजला जाते, काहीतरी नवीन बसवून घेते आणि घरी येऊन आंब्याखाली उभी राहते. कारण एकच. माझी बायको तिच्यात बसत नव्हती.

ती का बसत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरीही मी तीन वर्षं असं धरून चाललो की गादी कडक आहे म्हणून बसत नसेल, उकडतं म्हणून बसत नसेल. माणूस स्वतःला किती फसवू शकतो ते बघायचं असेल तर आमच्या गाडीचं वायरिंग बघावं.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. माणसांनी बोलू नये, याचाच मला पगार मिळतो. बायको प्राथमिक शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत तिने एकदा ‘थांब’ म्हटलं की मैदानातली धावणारी सगळी पोरं जिथल्या तिथे पुतळे होतात. शेजारच्या वाडीतला पाणी शेंदणारा म्हातारासुद्धा थांबतो, असं म्हणतात. हा तिचा आवाज लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

गाडी आणली ती तिच्यासाठी. चौथीच्या पोरांना ती कित्येक वर्षं लोणारचं सरोवर शिकवत आली आहे, उल्का पडली, खड्डा पडला, खारं पाणी, आणि स्वतः ते कधी पाहिलेलं नाही. तिची कंबर धरते, त्यामुळे एसटी नको, आणि लॉजच्या चादरींवर तिचा विश्वास नाही. नायगावच्या नव्या टॉवरमधल्या एका गृहस्थांकडे एक जुनी मिनीबस होती. कधीकाळी शाळेची पोरं वाहणारी. त्यांनी आत उघडून पलंग होणारा बाक, बेसिन आणि गॅसची शेगडी बसवून तिचं फिरतं घर केलेलं. त्यांच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडण पेटलं आणि फिरतं घर आमच्याकडे आलं. एका खिडकीच्या काचेवर कुणा पोराने खिळ्याने बदाम कोरला होता. बायको म्हणाली, “हा राहू दे. बाकी सगळं धू.”

आमचं घर वटारच्या बाजूला, वाडीत. वाडीच्या मागच्या अंगाला बावखल आहे, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, चार घरांच्या मालकीचं, केळी आणि पानवेल शिंपायला. आंब्याखालून गाडी बाहेर काढायची तर आधी बावखलाच्या दिशेने मागे घ्यायची, तिथे वळवायची आणि मग फाटकातून पुढे. हे मागे घेणं हीच माझी गोम. लोक गाडीचा मायलेज लपवतात, मी माझा रिव्हर्स लपवत आलो. मला तो येत नाही. पूर्वीच्या छोट्या गाडीतून बाजारात जाताना मी गल्ल्या अशा निवडायचो की पुढेच पुढे जात घरी यावं.

निघायच्या दिवशी सगळी आळी फाटकाशी जमली. फादर येऊन गाडीवर पवित्र पाणी शिंपडून गेले. माझ्या चुलत भावाने ट्रम्पेट आणलं. तो लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो, आणि लग्न नसेल तेव्हा नुसताच वाजवतो. मी स्टीअरिंगवर बसलो, बायको मागे बावखलाच्या काठाला जाऊन उभी राहिली.

“ये,” ती म्हणाली. “ये, ये. थोडं डावीकडे. ये.”

चुलत भाऊ फाटकातून ओरडला, “वहिनी म्हणतील तसं कर रे बाबा! नाहीतर लोणारला उपाशी बसवतील!”

सगळे हसले. मीही हसलो, आणि माझ्या आत काहीतरी वाकडं झालं. मग त्याने ट्रम्पेट तोंडाला लावलं आणि निरोपाचं काहीतरी इतक्या जोरात वाजवायला घेतलं की फाटकाशी दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मला मात्र येत होतं. माझी खिडकी उघडी होती.

“थांब,” ती म्हणाली.

मी थांबलो नाही. फाटकाशी एवढे पुरुष उभे असताना बायकोच्या एका शब्दावर ब्रेक मारायचा? मला वाटलं, अजून हातभर जागा असेल.

“थांब. अरे, थांब!”

तिसरं ‘थांब’ मी आरशात बघत ऐकलं. तिचं तोंड दिसत होतं, दोन्ही हात वर दिसत होते, आणि मी क्लच सोडला.

गाडी बुडली वगैरे नाही, बावखल कमरेएवढं. पण मागची चाकं घसरली, ढुंगण खाली गेलं, तोंड आभाळाकडे झालं, आणि मी सीटवर पाठ टेकून ढगांकडे बघत बसलो. ट्रम्पेट मध्येच चिरकलं. सगळी आळी धावत आली. मी दार उघडून मांडीभर पाण्यात उतरलो. उभ्या आयुष्यात मी चारचौघांत मोठ्याने बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

“तूच ये म्हणालीस ना!”

ती काठावर उभी होती. तिच्या पायाशी एक चप्पल होती, दुसरी पाण्यात. तिने माझ्याकडे पाहिलं. भांडायला तिला शब्द कमी पडत नाहीत, हे तिच्या शाळेतले निरीक्षकही सांगतील. पण ती म्हणाली, “हो. मीच म्हणाले.”

आणि चप्पल शोधायला वाकली.

ट्रॅक्टर आला, दोर आला, गाडी निघाली. बेसिनखालच्या कपाटात बेडूक सापडला. लोणार राहिलं. आणि गावाला एक विनोद मिळाला, जो अजून झिजलेला नाही. लग्नाच्या मंडपात केटररचा टेम्पो मागे यायला लागला की कुणीतरी ओरडणारच, “वहिनींना लांब ठेवा रे!” शाळेच्या गॅदरिंगला बस वळवताना हेच. पाचूबंदरहून मासे घेऊन येणारी मावशी टोपली उतरवता उतरवता विचारते, “काय गो बाय, मचवा निंगाला का पान्यातून?” तेव्हापासून गाडीचं नावच मचवा पडलं, होडीसारखी पाण्यात गेली म्हणून. बायको हसते, पापलेटचे गलफडे उचलून बघते, भाव करते. ‘थांब’ म्हटलं होतं हे तिने कुणालाही सांगितलं नाही. मलासुद्धा नाही.

तिने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी दोन दिवस रागावलो असतो आणि मोकळा झालो असतो. गप्प बसण्याची कला घरात माझी होती, तीही तिने घेतली.

मग मी गाडी दुरुस्त करायला लागलो.

आधी जे भिजलं होतं ते. प्लायवूड पावासारखं फुगलं होतं. ते उपटून टाकलं. खालचा पत्रा गंजला होता. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने पत्रा तसाही टिकत नाही, त्यात बावखलाचा चिखल. वालीवला खरवडून, वेल्डिंग करून, काळा रंग मारून घेतला. न्यायच्या दिवशी गॅरेजचा पोरगा येऊन गाडी वळवून फाटकाबाहेर काढून द्यायचा. ब्रेकचे लायनर बदलले. टपावरच्या झडपेतून पाणी गळत होतं, तिथे मी स्वतः चढून सिलिकॉन भरलं, थोडं झडपेत, बरंचसं केसांत. इथवर सगळं रास्त होतं. पुढचं नव्हतं.

मी पंखा बसवला. बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “छान आहे.” बसली नाही. मी दुसरी बॅटरी घातली, तिच्यावर फ्रीज चालवला, आत सरबताची बाटली ठेवली. “छान आहे.” कापूस बदलून गादी केली, तिच्या कंबरेचा विचार करून. “छान आहे.” संडास बसवला तेव्हा मी तिला हात धरून दाखवायला नेलं. ती पायरीपर्यंत आली, मान आत घातली, म्हणाली, “छान आहे. आपल्या घरातल्यापेक्षा छान आहे,” आणि तुळशीची सुकलेली पानं काढायला निघून गेली. ही तुळस आमच्या अंगणातल्या क्रुसाशेजारी आहे. खोकल्यासाठी लावली होती. आता मला वाटतं, माझ्यापासून निघून जाण्यासाठी लावली असावी.

वालीवचा मिस्त्री मला बघून हसायला लागला. “साहेब, इंजिन एकदम ओके है. अब क्या, वर गच्ची काढायची?”

“रिव्हर्स कॅमेरा,” मी म्हणालो.

तो बसवून घरी आलो त्या संध्याकाळी चुलत भाऊ आणि दोघं-तिघं ओट्यावर बसले होते. मी त्यांना पडदा दाखवला. मागे काय आहे ते पुढे दिसतं, आणि काही आडवं आलं की गाडी टीटी करते.

“म्हणजे आता वहिनींची गरज संपली!” चुलत भाऊ म्हणाला. “वहिनी, ऐकलंत? तुमची नोकरी गेली!”

बायको दोरीवरच्या चादरी काढत होती. ती हसली. चादर घडी करत माझ्याजवळून जाताना, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, “कॅमेरा थांब म्हणाला, तर त्याचं ऐकशील?”

मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण कमी.

शनिवारी कन्फेशनला गेलो. फादर नवे, तरुण. मी जाळीआडून सगळं सांगितलं: ट्रम्पेट, आरसा, क्लच. पलीकडे फादर मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, प्रार्थना करताहेत.

“मचवा तुमचा?” फादर म्हणाले. आवाजावरून हसू दाबत होते. “मला इथे आल्या आल्या हाच किस्सा सांगितला. पण त्यात त्या ये म्हणतात.”

“तेच तर पाप आहे, फादर.”

“मग एक नमो मारिया म्हणा. आणि ज्यांना खोटं सांगितलं त्यांना जाऊन खरं सांगा.”

“फादर, मी एकदाच बोललो. पुढचं सगळं गावाने सांगितलं.”

“मग गावाला सांगा,” फादर म्हणाले. “रविवारी मिस्साची प्रार्थना संपली की सगळे बाहेर उभेच असतात.”

स्वर्गात जायला एवढा लांबचा रस्ता असेल असं वाटलं नव्हतं. रविवारी मिस्सा संपल्यावर मी चर्चच्या पायऱ्यांखाली उभा राहिलो. पुरुष मंडळी जमली होती, बायको थोडी पलीकडे बायकांत. मी ग्रंथालयात वापरतो त्याच्या दुप्पट आवाजात म्हणालो, “ऐका. त्या दिवशी ती थांब म्हणाली होती. तीन वेळा. मला ऐकू आलं होतं. मी मुद्दाम थांबलो नाही.”

मग चुलत भावाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“किती दिवस पढवत होत्या रे?”

हशा पिकला. कुणी म्हणालं, “बिचारा! आता घरात घेतील तुला.” कुणी म्हणालं, “वहिनी, मानलं! ग्रंथपालाला बोलतं केलंत!” मी शपथ घेतली, चर्चकडे हात केला, तसे ते आणखीच हसले. तीन वर्षांत खोट्याला इतकं छान वळण आलं होतं, की खरं त्याच्यासमोर अगदीच बेंगरूळ दिसत होतं.

मी बायकोकडे पाहिलं. ती हसत नव्हती. घरी आलो. दारात चप्पल काढताना म्हणाली, “किल्ली दे.”

“कसली?”

“मचव्याची.”

ती गाडी शिकलेली आहे हे मी सांगायला विसरलो. विसरलो नाही, टाळलं. आम्ही दोघं एकाच ड्रायव्हिंग स्कूलला एकाच महिन्यात जात होतो. तिचा रिव्हर्स बघायला शिकवणारा इतरांना बोलवायचा. पुढे गाडी घेतली आणि किल्ली माझ्या खिशात राहिली, ती का राहिली हे कुणी विचारलं नाही.

चर्चहून परतणारी मंडळी गल्लीत होतीच. बायको स्टीअरिंगवर दिसताच सगळी फाटकाशी आली. ट्रम्पेट नव्हतं. ती तीन वर्षांनी पहिल्यांदा गाडीत चढली, सीट पुढे ओढली, आरसा स्वतःसाठी वळवला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर हातातला रुमाल टाकला.

“मागे जा,” ती म्हणाली.

मी बावखलाच्या काठाला जाऊन उभा राहिलो. तिची चप्पल जिथे होती, साधारण तिथेच.

“ये,” मी म्हणालो. गाडी आली, सरळ, न अडखळता. “ये. ये.” मागचं चाक मऊ मातीला लागलं. “थांब.”

गाडी थांबली नाही.

“थांब!”

“ऐकू येत नाही,” खिडकीतून आवाज आला. “मोठ्याने बोल.”

चाक येत होतं. माझी टाच पाण्याला लागली. मी दोन्ही हात वर केले आणि आयुष्यात कधी ओरडलो नाही इतक्या जोरात ओरडलो, “अगं, थांब!”

पलीकडच्या वाडीत कुत्रं भुंकलं. गाडी माझ्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबली.

तिसऱ्या ‘थांब’ला ती थांबली. मी नव्हतो थांबलो. फाटकाशी उभ्या असलेल्या कुणाकुणाला ते तेव्हा समजलं ते मला माहीत नाही. चुलत भाऊ डोकं खाजवत होता एवढं पाहिलं.

तिने गाडी वळवली, फाटकापर्यंत नेली आणि इंजिन चालूच ठेवलं.

“दिवाळीच्या सुट्टीत लोणार,” ती म्हणाली. “मी चालवणार. तू मागे उभं राहायचं.”

“बरं.”

“आणि पाय धू. माझ्या गादीवर तो चिखल नको.”