शशीचे कंदीलमासे

माझा तास चालू होता. आमच्या कॉलेजचे शिपाई युसूफभाई दाराशी येऊन उभे राहिले. एरवी ते सूचनेचा कागद पुढे करतात; त्या दिवशी हात रिकामे होते. मी बाहेर आले तेव्हा हळूच म्हणाले, "बाई, दवाखान्यातून निरोप आलाय. शशीबाई गेल्या." खाली पटांगणात मुलं खेळत होती, कुणीतरी झेल सोडला म्हणून आरडाओरडा चालला होता... तो आवाज अजून कानातून जात नाही.

शशी आणि मी नगरला एकाच खोलीत राहत होतो. मी मराठी शिकवते, ती प्राणिशास्त्र शिकवायची. मिरजगावच्या शेतकरी घरातली मुलगी. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर, केरळात एका शिबिराला गेली तेव्हा. तिथल्या किनाऱ्यावरच्या कड्यातली करडी माती ती पोत्यात भरून घेऊन आली. टांग्यातून पोतं उतरवताना मालकीणबाईंनी विचारलं, "तांदूळ का?" तर ही म्हणाली, "मासे आहेत." बाई माळकरी, दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत.

पण शशी खरंच सांगत होती. फार फार पूर्वी त्या मातीवर समुद्र होता, आणि त्याच्या खोल काळोख्या पाण्यात बोटभर लांबीचे, अंगावर उजेडाचे ठिपके असलेले कंदीलमासे राहत. आता नामशेष झालेल्या त्यांच्या जाती शोधायच्या, हे तिनं मनावर घेतलं होतं. मासा मेला की काटे विरून जातात, कानातला खडा तेवढा उरतो. तिळापेक्षा लहान. पण प्रत्येक जातीच्या खड्याची घडण निराळी असते, त्यामुळे नुसत्या खड्यावरून मासा ओळखता येतो. कॉलेजातून आणलेल्या सूक्ष्मदर्शकावर ती वाकून बसायची आणि मध्येच मला हाक मारायची, "मालू, ये, बघ याची कड कशी आहे." मला सगळे सारखेच दिसायचे. तिला मात्र ते माणसांच्या चेहऱ्यांसारखे वेगळे दिसत.

माती चाळणीत धुवायला पाणी लागायचं, आणि गेल्या वर्षी दुष्काळ पडला. नळाला दिवसाआड पाणी. शशी अंघोळीतलं पाणी वाचवायची, गाळ खाली बसला की वरचं निवळलेलं पुन्हा वापरायची. एकदा तिचे वडील, अण्णा, गावाहून आले तेव्हा ती अशीच माती धूत बसली होती. ते उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, "शशे, गावाकडं बाया हंडाभर पान्यासाठी कोसभर चालत्यात, आन् तू माती धुती व्हय?" शशी उठली. बादलीतलं उरलेलं पाणी तिनं मालकीणबाईंच्या तुळशीला घातलं आणि पोत्याचं तोंड बांधून टाकलं. ते पुन्हा उघडलं नाही.

मग तोवर निघालेल्या खड्यांवरच तिचं काम चालू राहिलं. त्यातला एक प्रकार कुठल्याच जातीशी जुळेना, तेव्हा ती हरखून गेली. नवी जात असेल तर नावात मिरजगाव घालायचं, असं ठरवूनही झालं. आठवडाभर ती घरात गुणगुणत होती. मग एका सकाळी तिनं लहान-मोठे खडे ओळीनं मांडले आणि बराच वेळ पाहत राहिली. "पिल्लू आहे गं," ती म्हणाली. "हाच मोठेपणी तो दुसरा होतो." पदरानं चष्मा पुसला आणि चहा ठेवायला उठली. पुढे आणखी एक सापडला, चांगला वाढलेला, तरीही कशातच न बसणारा. हल्लीच्या कंदीलमाशांच्या खड्यांशी ताडून पाहिल्याशिवाय त्याचं काही सांगता येणार नव्हतं. खटपट करून तिनं किनाऱ्यावरून मासे मागवले. ते आले फॉर्मेलिनमध्ये बुडवून, आणि त्या औषधानं कानातले खडेच खाऊन टाकले होते. चिमट्याच्या टोकाला नुसती पांढरी भुकटी लागली. त्या दिवशी ती जेवली नाही. मग म्हणाली, "सुट्टीत मीच कोचीला जाते. बोटीवरून उतरलेला ताजा मासा घेते."

सुट्टीआधी ती आईला भेटायला गावी गेली. विहीर आटलेली, टँकरचं गढूळ पाणी. परत आली ती तापानं फणफणून, आणि चार दिवसांत डोळे हळदीसारखे पिवळे झाले. कावीळ अंगात फार भिनली होती. शेवटची भेटले तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. "मालू, मी उगाच थांबले का गं? नाव देऊन टाकलं असतं तर..."

"आपण दोघी जाऊ ना कोचीला," मी म्हणाले.

"दोघी," ती म्हणाली, आणि पाणी मागितलं. चमच्यानं पाजलेलं ते पाणीही तिला गिळवलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर अण्णा तिचं सामान न्यायला आले. ट्रंक भरून झाली तरी उठेनात. म्हणाले, "ती काय बघायची, ते मला दाव की."

मी तिच्या टेबलाशी गेले आणि आधी पंखा बंद केला. तिचीच सवय. डबी उघडायची असली की ती पंखा थांबवायची, माझं बोलणंही थांबवायची.

"श्वासानंसुद्धा उडतात हे, अण्णा," मी सांगितलं, आणि तो कशातच न बसणारा खडा डबीतून काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडावर धरला आणि वाकले. खूप वेळ पाहत राहिले. मग कापडातूनच म्हणाले, "म्या तिला मातीवरनं बोललो हुतो."

 मी खडा उचलून डबीत ठेवला, झाकण लावलं, डबी कपाटात ठेवली. अण्णा स्टुलावर तसेच बसून होते. खोलीत उन्हाळा मावत नव्हता, त्यांच्या मानेवरून घामाचे ओघळ चालले होते, आणि तोंडावरचं उपरणं त्यांनी काढलं नव्हतं. मीही पंखा लावला नाही.