वाळवणाचं ऊन

फाल्गुनात एका दुपारी आमच्या इमारतीच्या गच्चीवर वीज पडली आणि शेजारच्या काकू गेल्या.

वाळवणाच्या दिवसांत सकाळी चहा टाकण्याआधी त्या फोन लावत. गंगाखेडला बहीण, पालमला भावजय, चारठाण्याला लेक. ख्यालीखुशाली नंतर. आधी, "आभाळ कसं हाय?" तिन्हीकडे ऊन असेल तरच परभणीत कुरडयांचा चीक शिजायचा.

गेली काही वर्षं हे गणित बिघडत चाललं होतं. चारठाण्यात गारा, गंगाखेडात अंगाची लाहीलाही आणि आमच्याकडे नुसती धूळ. काकू फोनवरच भांडत. "गारा पडायल्यात अन् तू मला आता सांगायलीस?" जणू लेकीनंच पाडल्या. मग कठड्याशी उभ्या राहून आभाळाला सुनावायच्या, "लाज वाटू दे जरा. अजून होळी पेटायचीय!"

यंदा माझ्या लेकीचं लग्न ठरलं. रुखवतात कुरडया घरच्याच हव्यात, हा काकूंचा हट्ट. मी ग्रंथालयात काम करणारी, मला चीक हाटता येत नाही. त्या म्हणाल्या, "तुमी पुस्तकं वाळत घाला, बाई. कुरडया मी बघते."

त्या सकाळी तिन्ही गावांहून एकच उत्तर आलं, लय कडक ऊन हाय. काकूंनी गच्चीभर कुरडया घातल्या. दुपारी डोळ्यांदेखत आभाळ काळं झालं, गडगडू लागलं. त्या वर धावल्या. मी जिन्यातून ओरडले, "काकू, राहू द्या! खाली या!"

"भिजल्या तर काळ्या पडतील की! पोरीच्या रुखवताच्या हायेत. आलेच!"

भेटायला आलेली माणसं हळहळली, "कुरडयांपायी जीव घालवला." एक जण म्हणाला, "बाजारात मिळतात की हो." तुम्हीही असल्या घरात बसून असली वाक्यं ऐकली असतील. मला त्या माणसाला दंडाला धरून बाहेर काढावंसं वाटलं. बाजारात काय मिळतं? माझ्या लेकीसाठी पहाटे उठून चीक हाटणारं माणूस मिळतं? आणि ज्या महिन्यात बायका विश्वासानं अन्न उन्हात मांडतात, त्या महिन्यात वीज पाडायचं कारण काय होतं? हे कुणाला विचारायचं, ते मला कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

इमारतीतल्या पुरुषांनी बैठक घेतली. गच्चीच्या दाराला कुलूप लावलं, जणू दोष गच्चीचा होता.

लग्न झालं. रुखवतात कुरडया नव्हत्या. वाळवण बंद आहे. कुलपाची किल्ली माझ्याकडे आहे.