बसल्या माणसाच्या मापाची पेटी

दूधवाल्याच्या चरवीत गुरम्मा आधी बोट बुडवायची, ते बोट उन्हात धरून बघायची आणि मगच भांडं पुढं करायची. डॉक्टरनं गोळी दिली की म्हणायची, "ह्यातली एक तुमी खावा बघू." लग्नात गळ्यात पडलेले मणीसुद्धा तिनं मांडवातच दातांखाली धरून पाहिले होते. ही गोष्ट ती स्वतःच सांगायची आणि वर म्हणायची, "खरं निघालं म्हणून तर नांदले."

अशा बाईच्या पोटी शिवपुत्र जन्माला आला. पोटात एक गोष्ट राहिली तर शपथ, असा मोकळा माणूस. गिरणीत वायरमन होता. सुट्टीच्या दिवशी नवी पेठेतल्या एका रेडिओच्या दुकानात बसून लोकांचे मुके सेट बोलते करायचा. पण एकदा त्यानं दाराला विजेची घंटी बसवली, आठवडाभर आधी गल्लीला सांगून ठेवलं, आणि पहिलं बटण दाबणाऱ्या शेजारच्या काशम्माला झटका बसला. गुरम्मानं ती गोष्ट अक्कलकोटपर्यंत पोचवली. तेव्हापासून शिवपुत्रानं कानाला खडा लावला: वस्तू बोलल्याशिवाय आपण बोलायचं नाही.

घरात रेडिओ होता. सकाळी कन्नड भजनं लागली की गुरम्मा भिंतीला टेकून, मांडी घालून ऐकायची आणि तोंड वाकडं करायची.

"ही बाई डब्यात बसून गालालीय का रे? माशी अडकल्यावानी वाटतंय."

शिवपुत्र हसला नाही. ते वाक्य त्याला लागलं.

पुढच्या रविवारी तो मापाचा टेप घेऊन तिच्यासमोर उकिडवा बसला.

"अव्वा, जरा मांडी घाल की. रोज बसतीस तशी."

"कशाला?"

"बस तर."

ती बसली. पण टेप बघून देवळातल्या खांबासारखी ताठ झाली. त्यानं फरशीपासून तिच्या कानापर्यंत माप घेतलं, पुटपुटला आणि उठला.

"शिवा, माप कसलं घेतलंस?"

"कानाचं."

"कानाचं माप जमिनीपासनं घेतेत व्हय?"

"कळंल की."

झालं. 'कळंल की' हे शब्द गुरम्मानं पदराच्या गाठीत बांधून ठेवले.

हे घराणं लिंगायत. त्यांच्यात माणूस गेलं की आडवं निजवत नाहीत. मांडी घालून, ताठ बसवून, फुलांनी सजवलेल्या मखरासारख्या डोलीत नेतात; तिला विमान म्हणतात. चेहरा उघडा असतो, सगळ्यांना शेवटचं तोंड दिसावं म्हणून. आणि मातीतही बसलेलंच ठेवतात. गुरम्माला थंडीपासून खोकला होता, डॉक्टर दोनदा येऊन गेला होता, आणि लेकानं तिचं बसलेलं माप घेतलं होतं.

मग जाड प्लायवूड आलं. बाहेरच्या खोलीत ठोकाठोक सुरू झाली आणि पेटी उभी राहिली. आडवी नाही, उभी. गुरम्मा भाजी निवडत बसायची, पण भाजीकडं बघायची नाही.

काशम्मा आली. दारातूनच पेटीला वळसा घालून आत शिरली.

"गुरम्माक्का, हे काय करालालाय ग तुझा लेक?"

"तूच सांग."

"कपाट म्हणावं, तर फळी न्हाई. कोंबड्याचं खुराडं म्हणावं, तर तुमी खात न्हाई." ती जवळ सरकली. "आन् दोन हायत ग."

"व्हय."

"एक तुझी धर. दुसरी कुणाची?"

गुरम्मानं तिलाच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. काशम्मानं चहा न घेताच घर गाठलं.

गुरम्मानं सुनेला चुलीपाशी गाठलं. "सुंदरम्मा, पेट्या कशाच्या?"

नवऱ्यानं तिला शपथ घातलेली. तिनं फुंकणी उचलली आणि पेटत्या चुलीत आणखी फुंकर घातली. "मला काय म्हाईत, आत्याबाई."

"खोटं बोलालालीस. कान लाल झालेत तुझे."

"जाळ हाय की समोर."

दुसऱ्या दिवशी शिवपुत्रानं पेटीच्या पुढच्या फळीला गोल भोक पाडलं, थेट माणसाच्या तोंडाएवढं. गुरम्मा हळूच त्याच्यासमोर जाऊन बसली, ताठ झाली. भोक बरोबर तिच्या चेहऱ्यासमोर आलं. तिनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. संध्याकाळी शिवपुत्र गिरणीतला टाकाऊ कापूस आणून आतून चिकटवायला लागला, तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "टोचू नये म्हणून व्हय?"

"घुमू नये म्हणून," तो म्हणाला.

मेलेलं माणूस घुमतंय कशाला, असा विचार करत ती आत गेली. त्या दिवसापासून तिनं गोळी घेणं सोडलं. मरणाची एवढी घाई झालेल्या घरात औषध तरी कशाचं देत असतील, कोण जाणे. गोळ्या ती बेलाच्या कुंडीत पुरायची आणि खोकला पदरात दाबायची. वळसंगला दिलेल्या लेकीकडं तिनं दूधवाल्याबरोबर निरोप धाडला: मला न्यायला या, परत यायचं न्हाई.

जावई बसलिंगप्पा आला तेव्हा शिवपुत्र घरात नव्हता. सासूची ट्रंक दारात तयार होती. बसलिंगप्पानं पेट्या बघितल्या. सासूनं कानात काय सांगितलं ते ऐकलं. मग डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"शिवपुत्र असं करंल?"

"माप घेतलंय माझं."

"तरी पण, मामी, जित्या माणसाचं..."

"थांब. जायच्या आधी बसूनच बघते. पेटी माझ्या मापाची न्हाई निघाली, तर म्हातारीच संशयी म्हणतील."

पेट्यांची पाठ अजून उघडी होती. गुरम्मा मागच्या बाजूनं आत शिरली, मांडी घातली, पदर सारखा केला. भोकातून तिचा चेहरा दिसायला लागला, कपाळावर भस्म, डोळे मिटलेले. सुंदरम्माच्या हातातली परात पडली.

नेमका तेव्हाच टांगा थांबला. शिवपुत्र दुकानातून उसना आणलेला रेकॉर्ड प्लेअर छातीशी धरून, खांद्याला पोतं अडकवून आत आला आणि उंबऱ्यातच थबकला.

"अव्वा? तितं काय करालालीस?"

भोकातून उत्तर आलं. "बरोबर बसतंय. गुडघ्याला जरा घासतंय."

तो हसायला लागला. मग त्याला दारातली ट्रंक दिसली, दाजींच्या हातातली टोपी दिसली, आणि हसू आटलं. त्यानं प्लेअर खाली ठेवला.

"अव्वा, तुला असं वाटलं?"

"मग दुसरी कुणाला केलीस? सांग की. काशम्माबी जीव मुठीत धरून बसलीय."

"सांगा आता," सुंदरम्मा रडतच म्हणाली. "त्यांनी गोळ्या सोडल्यात. कुंडीत सापडल्या मला."

शिवपुत्रानं पोत्यातून काळ्या कागदाचे, परातीसारखे दोन गोल स्पीकर काढले. "ह्ये बसतेत त्या भोकात. ऐकायच्या पेट्या हायत, अव्वा. डब्यातली माशी म्हणलीस ना? आवाज कानाच्या उंचीला सुटायला लागतो. ह्या घरात बसून ऐकणारी तूच. मग माप कुणाचं घेऊ?"

"चोरबी असंच गोड बोलतेत. वाजवून दाव."

"मामी, गाडी चुकंल," बसलिंगप्पा म्हणाला.

"चुकू दे. खोटं निघालं तर चालत येते."

गुरम्मा बाहेर आली. शिवपुत्रानं स्पीकर आवळले, पाठीच्या फळ्या बसवल्या, वायरी जोडल्या. स्क्रू दोनदा हातातून पडला. पेट्या त्यानं दोन कोपऱ्यांत ठेवल्या आणि तबकडीवर सुई टेकवली. आधी खरखर झाली. गुरम्मानं काशम्माला बसलेला झटका आठवून पाय जवळ घेतले.

मग एक बाई गायला लागली, कन्नडमध्ये, संथ. श्वास घेतलेला ऐकू येत होता.

गुरम्मा उठली. डाव्या पेटीला कान लावला, मग उजवीला. दोन्हींच्या मागं वाकून बघितलं. मग मधल्या मोकळ्या जागेत जाऊन हवेत हात फिरवला.

"बाई हितं बसलीय. हितं तर कायबी न्हाई."

"दोन पेट्या त्याच्यासाठीच, अव्वा. दोन्हींतला आवाज मधी येऊन मिळतो."

तिचं समाधान झालं नाही. तिनं सुंदरम्माला खिडकीबाहेर कुणी आहे का ते बघायला लावलं. मग आपल्या नेहमीच्या जागी भिंतीला टेकली. गाणं चढत गेलं तसे तिचे खांदे उतरत गेले. पाठ सैल झाली, मान खाली कलली. शिवपुत्र समोर बसून तिच्या कानाकडं बघत होता.

"अव्वा, ताठ बस की. माप घेताना बसलीस तशी. आवाज डोक्यावरनं जालालाय तुझ्या."

तिनं डोळे उघडले नाहीत.

"ताठ मेल्यावर बसवतेतच की. जित्या माणसाचं माप घे."

शिवपुत्रानं टेप शोधला. भिंतीला सैल टेकलेल्या आईचं माप पुन्हा घेतलं. चार बोटांचा फरक आला. पेट्यांचे तळ काढून खालून कापायला लागणार होतं.

बसलिंगप्पा ट्रंकेवर बसून होता. "मग मामी, निघायचं का न्हाई?"

"तू जा," गुरम्मा म्हणाली. "करवत चालवायची हाय ह्याला अजून. लक्ष ठेवायला घरात कुणीतरी पायजे की."