मावशींच्या नावानं घेतलेलं नाणं

तुळजापुरात आमचं घर पुजाऱ्याचं. म्हणजे घरच्यांना जागा कमी आणि पाहुण्यांना जास्त. खाली आम्ही, वर यजमानांची मोठी खोली, तिच्या कोपऱ्यात सतरंज्यांची चळत आणि कधीच पुऱ्या न पडणाऱ्या उशा. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला देवघराच्या आधी यजमान शिकवले. इकडच्या वाशी गावचे आले की भाजीत लसूण नको. बेंबळीच्यांना पोळीनं पोट भरल्यासारखं वाटत नाही, त्यांना ज्वारीची भाकरीच. भूकंपानंतर त्यात एक भर पडली. सास्तूरचे आले की त्यांना झोपायला गच्ची द्यायची. पाऊस असला तरी पुढची पडवी, पण भिंतीला लागून अंथरूण घालायचं नाही.

बाहेरच्यांना हे यजमानांचं प्रकरण चटकन कळत नाही. आईच्या दर्शनाला येणारी घराणी पिढ्यान्पिढ्या एकाच पुजाऱ्याकडे उतरतात. त्यांच्या आज्यानं आमच्या आजेसासऱ्यांकडून पूजा करून घेतली, म्हणून नातू आमच्याकडे येतो. येणं जमलं नाही तर दक्षिणा पाठवतो आणि कळवतो, आमच्या नावानं अभिषेक करा. मग आमचे हे त्या घराचं नाव-गोत्र घेऊन संकल्प सोडतात, अभिषेक करतात आणि कुंकू-प्रसाद पोस्टानं लावून देतात. खरंच केला का, असं आजवर एकानंही विचारलं नाही. विचारायची वेळही आली नाही, कारण अंगात ताप असतानाही हे उठून गेलेले मी पाहिले आहेत. माझं यांच्याशी हजार गोष्टींवरून भांडण आहे, पण या एका बाबतीत माणसाला नावं ठेवायला जागा नाही.

हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं ऐकून लोक यांना लबाड समजतात. लबाड असते तर मला बरं वाटलं असतं. लबाड माणसाशी निदान कडाकडा भांडता येतं.

ते नाणं आमच्या घरात आणलं पुण्याच्या एका यजमानानं. मुलगा गुणी, संगणकाच्या कंपनीत, दर नवरात्रात बायकोला घेऊन येणारा. जेवणं झाल्यावर पडवीत बसून त्यानं यांना मोबाइलवर दाखवलं. हे नाणं कुठल्या सरकारचं नाही, बँकेचं नाही, हाताला लागत नाही, सगळा हिशेब जगभरच्या संगणकांवर एकदम लिहिलेला असतो, त्यामुळे कुणी खाडाखोड करू शकत नाही. वर म्हणाला, यात कुणावर विश्वास ठेवायची गरजच नाही. हे वाक्य मी भांडी आवरताना ऐकलं आणि तेव्हाच मला कसंतरी झालं. ज्याला कुणावरच विश्वास ठेवायचा नाही, त्यानं आमच्या पडवीत कशाला बसावं?

यांनी थोडे पैसे घातले आणि ते वाढले. त्यातले थोडे काढून वरच्या खोलीला फरशी बसवली. बस, ती फरशी म्हणजे यांना साक्षात पुरावा झाला. येईल त्याला ती दाखवायची आणि नाण्याची गोष्ट सांगायची. गळ्यातल्या कवड्यांच्या माळेला हात लावून म्हणायचे, ही कवडीसुद्धा एके काळी बाजारात चालायची. समुद्रातला शिंपला तो, लोकांनी मानला म्हणून पैसा झाला. हे नाणंही तसंच.

मी एकदा म्हटलं, मग जा कोपऱ्यावरच्या दुकानात आणि त्या नाण्यावर किलोभर गूळ आणून दाखवा. हे हसले. म्हणाले, ते खर्चायचं नसतं, ठेवायचं असतं. मी म्हटलं, ठेवायचं तर सोनं आहे, ते निदान अंगावर घालता येतं. खर्चायचं तर नोटा आहेत. हे दोन्हीकडून गेलेलं नाणं करायचं काय? यावर यांनी मला बायकांना व्यवहार कळत नाही म्हणून वाटेला लावलं. पस्तीस माणसांचा स्वयंपाक सामान उरू न देता मी करते, पण व्यवहार मला कळत नाही. असो.

आता सास्तूरच्या मावशींचं सांगते. मावशी वयानं आमच्याहून मोठ्या, उंच, सरळ पाठीच्या. भूकंपात त्यांचं माहेर गेलं. आई आणि धाकटी बहीण, दोघी मातीच्या जाड भिंतीखाली. ढिगारा उपसताना आईच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या सापडल्या, त्या मावशींकडे आल्या. त्यांनी त्या कधी हातात घातल्या नाहीत आणि कधी घरातही ठेवल्या नाहीत. कापडात गुंडाळून कमरेच्या पिशवीत. रानात जाताना, बाजाराला जाताना, आमच्याकडे गच्चीवर झोपतानासुद्धा. नवीन गावात सरकारनं चांगली घरं बांधून दिली, मुलानं पुढं दोन खोल्या वाढवल्या, पण मावशींचा भिंतीवरचा विश्वास उडाला तो उडालाच. कुणी बँकेच्या लॉकरचं सुचवलं तर म्हणायच्या, लॉकर म्हंजे पुन्ना भिंतच की.

वय झालं तशी ती पिशवी त्यांना जड वाटायला लागली. एका पौर्णिमेला पूजा झाल्यावर त्यांनी यांना विचारलं, आता ह्या कुठं ठेवू? मी समोर बसून वाती वळत होते. हे म्हणाले, "मावशी, एक ठेवण अशी आहे जिला भिंतच नाही. जमीन हलली तरी ती गाडली जात नाही."

मी यांच्याकडे पाहिलं. यांच्या चेहऱ्यावर कुठलाही डाव नव्हता. त्यांना मनापासून वाटत होतं की या बाईच्या जिवाला आयुष्यभर लागलेला घोर आपण आज काढतोय. दलाली मिळणार नव्हती, काही नव्हतं. फक्त बरं करण्याची हौस होती आणि हातात मोबाइल होता.

मावशींनी महिन्याभरात लोहारा गावातल्या सराफाकडे पाटल्या मोडल्या आणि पैसे आणून यांच्यापुढे ठेवले. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन. खातं उघडायचं, ओळखपत्राचे फोटो काढायचे, परवलीचे शब्द जपायचे, हे त्यांना कुठून येणार? त्या म्हणाल्या, आमच्या नावानं तुमीच करा. अभिषेकाला म्हणतात तशा. आणि यांनीही तसंच केलं. स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या खात्यात, मनात मावशींचं नाव धरून. खरं सांगते, मला वाटतं यांनी ते बटण दाबताना मनातल्या मनात गोत्रसुद्धा उच्चारलं असेल. आपण काही वावगं करतोय, हे त्या दोघांच्याही मनात आलं नाही. आमच्या घराण्यात शंभर वर्षं हेच चाललंय, कुणाच्या तरी नावानं काहीतरी करायचं आणि समोरच्यानं ते झालं असं धरायचं. वाशीच्या आणि बेंबळीच्या दोघांतिघांनीही असंच थोडंथोडं दिलं, पण त्यांचं मला इतकं लागत नाही. त्यांनी हौसेनं दिलं. मावशींनी आई दिली.

नंतर नाणं पडलं. एका दिवसात नव्हे. आधी थोडं उतरलं तेव्हा पुण्याचा मुलगा म्हणाला, हे चालायचंच, धीर धरा. यांनी धीर धरला. मग आणखी उतरलं. मग त्या नाण्याचं कुणी नावच काढेना. नाणं घेतलेल्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर आधी सकाळ-संध्याकाळ गलका असायचा, तिथं आता कुणी सुप्रभातसुद्धा घालत नव्हतं. गंमत अशी की नाणी जितकी घेतली तितकी आजही आहेत. मोबाइल उघडला की आकडा दिसतो, एकही कमी झालेलं नाही. फक्त ती घ्यायला कुणी नाही, आणि घेतलंच तर त्या पैशात मावशींचा सास्तूरपासूनचा एसटीचा खर्चही निघायचा नाही.

चोरी झाली असती तर तक्रार केली असती. मी यांना ओढत पोलिसांकडे नेलंच. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग विचारलं, तुम्हाला फसवलं कुणी? हे म्हणाले, कुणी नाही. पैसे कुणी नेले? कुणी नाही, भाव उतरला. साहेब म्हणाले, मग गुन्हा कुणावर दाखल करू? आणि हलक्या आवाजात हेही म्हणाले की त्या बाईंनी तक्रार केली तर ती मात्र तुमच्यावर होईल. आम्ही उठलो. रस्त्यानं येताना हार-प्रसादाची दुकानं लागली, ओळखीचे लोक नमस्कार करत होते आणि हे प्रत्येकाला हात जोडत चालले होते. मला त्या वेळी यांचा इतका राग आला आणि इतकी कीव आली की कुठलं आधी बोलावं कळेना.

पुण्याच्या मुलाचेही पुष्कळ गेले. फोनवर तो यांना म्हणाला, काका, जोखीम तर आपल्याला माहीतच होती. मी फोन हिसकावून घेतला आणि विचारलं, आपल्याला म्हणजे कुणाला रे? तुला माहीत होती. यांना अर्धी माहीत होती. सास्तूरला कुणाला माहीत होती? नंतर मलाच वाईट वाटलं, पण प्रश्न मी मागे घेत नाही. ज्याची खोली ठाऊक नाही त्या पाण्यात स्वतः उतरावं, हवं तर बुडावं. दुसऱ्याला खांद्यावर घेऊन कशाला उतरायचं? आणि ज्या नाण्याची सगळी थोरवी ही की कुणावर विश्वास ठेवायला नको, ते पुण्याहून सास्तूरला पोचलं ते निव्वळ माणसांच्या विश्वासावर. मुलावर यांचा, यांच्यावर मावशींचा. तो विश्वास नसता तर आमच्या भागात त्या नाण्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

मावशींना सांगायला आम्ही दोघं सास्तूरला गेलो. अंगणात बाजेवर बसवून त्यांनी चहा दिला. यांनी सांगितलं. चांगलं सांगितलं, काही लपवलं नाही, स्वतःकडे दोष घेतला. थोडंथोडं करून फेडतो म्हणाले. कशातून फेडणार होते देव जाणे, कारण आमचंही त्यात गेलेलंच होतं. मावशी ऐकत होत्या. मग त्यांनी एवढंच विचारलं, "पर हायत कुठं ते? कुठं पडलेत ते कळलं तर म्या पोरांला लावून उकरून काढीन."

ज्या बाईनं हातांनी ढिगारा उपसलाय, तिला कसं समजावणार की हा ढिगारा कुठंच नाही? त्या शेवटी स्वतःच म्हणाल्या, जाऊ द्या, आईच्या मनात असंल तसं. कोणती आई, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. निघताना त्यांनी गाडीत शेंगांची पिशवी ठेवली, दरवेळी ठेवतात तशी. त्या पिशवीला हात लावायचं मला घरी आल्यावरही धाडस झालं नाही.

मला वाटलं होतं, आता सास्तूरचं घर तुटलं. खरं तर मला तसं हवं होतं. त्यांनी दुसरा पुजारी धरावा, चार ठिकाणी आम्हाला शिव्या द्याव्यात, म्हणजे आमचं ओझं थोडं तरी उतरेल. तसं काही झालं नाही. सुगी आटोपली आणि मावशी आल्या, बरोबर नातू आणि त्याची नवी बायको. नातसुनेची पहिली ओटी भरायची होती. हे त्यांना घेऊन देवळात गेले, मी पुरणाचं घातलं. सगळं रीतीप्रमाणं झालं. जेवताना मावशींनी मला वाढण्याचा आग्रहही करू दिला.

जेवणं झाल्यावर नातू गाडी बघायला बाहेर गेला. मावशींनी कमरेची तीच पिशवी काढली आणि तिच्यातून नोटांची गुंडाळी काढून यांच्यापुढे फरशीवर ठेवली. यंदाच्या सोयाबीनचे उरलेले पैसे होते, नातसुनेला काहीतरी करून घालायचं म्हणून राखलेले.

"ह्ये आता कुठं ठेवू, तुमी सांगा," त्या यांना म्हणाल्या.

यांनी नोटांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मीच घाईनं म्हटलं, मावशी, बँकेत ठेवा. गावातल्या बँकेत, तुमच्या स्वतःच्या नावानं. यांना काही विचारू नका. मावशींनी माझं ऐकून घेतलं आणि मान डोलावली, पण नजर यांच्यावरून हलवली नाही. म्हणाल्या, "बाई म्हणत्यात ते बराबर असंल. पर तुमच्या तोंडून येऊ द्या."

घरोघरची गोत्रं न अडखळता म्हणणारा माझा नवरा, त्याच्या तोंडून एक शब्द फुटेना. मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला, बोला म्हटलं. मावशींना कसली घाई नव्हती. त्या सरळ पाठीनं बसून राहिल्या आणि शेजारी बसलेल्या नातसुनेला समजावून सांगू लागल्या.

"नीट बघून ठेव, बाय. आपलं घर ह्यांना इचारल्याबिगर काय करत न्हाय. माझ्या मागं तूबी इचारत जा."

पोरीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पुढं सरकली आणि यांच्या पायांवर डोकं ठेवलं.