उजव्या कानाचं कापड

डोक्यावर आगीत घालायची टोपी चढवून मी अंगणात उभा होतो आणि माझ्या पाठीमागून पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, निघून गेला. त्याने भोंगा वाजवला होता म्हणे, आमच्या फाटकाशी थांबून दोनदा जास्तच. मला काही ऐकू आलं नाही. मी तेव्हा विहिरीकडे तोंड करून, पोट आत ओढून, मोबाइलवर स्वतःचा फोटो काढत होतो.

"उंडे कुठे?" बायकोने दारातून विचारलं. मी टोपी वर सरकवली तेव्हा तिसऱ्यांदा विचारत होती.

"पोदेर अजून आला नाही."

"येऊन गेला. शेजारीण हाक मारून दमली. म्हणाली, तुमच्या अंगणात कोण गृहस्थ उभे आहेत, त्यांना बहुतेक कमी ऐकू येतं."

त्या सकाळी आम्ही कालच्या भाताला फोडणी दिली.

मी अग्निशमन दलात आहे. घर धारगळला, नोकरी पेडणे तालुक्यातच. आता केस पिकले आणि पट्टा शेवटच्या भोकावर आला, पण आगीची घंटा वाजली की अजून जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरतो. चढताना मात्र एकेकच. त्या आठवड्यात पणजीच्या मुख्य कचेरीतून साहेबांनी एक पाकीट पाठवलं होतं. त्यात तीन हुड. हुड म्हणजे विणलेल्या कापडाची, माकडटोपीसारखी टोपी. ती हेल्मेटच्या आत घालायची, चेहऱ्यापुरती उघडी, कान, गळा आणि मान झाकणारी. सोबत पत्र होतं : वापरून, धुऊन पाहावे व कोणते कापड योग्य याचा अभिप्राय कळवावा. प्रत्येक स्टेशनातून एक माणूस निवडायचा होता. आमच्याकडून मला निवडलं. साहेब फोनवर म्हणाले, "तुम्हाला बोलायला आवडतं. जरा लिहून बघा."

घरात एकदम तीन स्थळं सांगून यावीत तसा माझा उत्साह होता. पण त्या पोदेराने माझी झोप उडवली, कारण मला माझा जोडीदार आठवला.

तो सिंधुदुर्गातला, सातार्ड्याकडचा. नोकरीला लागलो तेव्हापासून आम्ही दोघं एकाच पाईपवर. त्या काळी आमच्याकडे हुड नव्हते. टुवाल बादलीत बुडवायचा, पिळायचा, कानांवरून मानेला गुंडाळायचा आणि वरून हेल्मेट. सगळे तसंच करत, आम्हाला शिकवलंही जुन्या लोकांनी तसंच. पहिली दोन मिनिटं इतकं गार वाटायचं की विचारू नका. मग एकदा डिचोलीला एका गोदामाच्या आगीत त्याच्या टुवालातलं पाणी तापलं आणि वाफ झाली. डावा कान भाजला, जखम आतपर्यंत पिकली आणि तो कान कायमचा गेला. उजवा चांगला आहे म्हणून दरवर्षी तपासणीत पास होतो. तेव्हापासून मी त्याच्या उजव्या हाताला असतो, आगीत आणि चहाच्या टपरीवरही.

आता हुड सक्तीचा होणार होता. हुडात त्याला माघारीची शिटी ऐकू आली नाही, तर त्याला पाईपवरून काढून फोन घ्यायला बसवणार, हे स्टेशनात सगळ्यांना कळून चुकलं होतं. आणि हुडाशिवाय आगीत गेला तर राहिलेला कान पणाला.

अभिप्राय मी लिहायचा होता.

बायको ब्लाऊज शिवते. माहेर डिचोलीचं, शिवणही तिथेच शिकली. तिच्यासमोर मी तिन्ही हुड मांडले आणि माहितीपत्रक वाचायला लागलो. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पहिला हुड उभा ताणला, आडवा ताणला, उलटा केला. एकच पदर, पातळ. हे अरॅमिडचं कापड, ज्वाळेत वितळत नाही, फार तर काळं पडून कडक होतं. दुसरा सुती, आग धरू नये म्हणून रसायनात बुडवलेला. मऊ होता, मला फार आवडला.

"कापड चांगलं आहे," ती म्हणाली, "पण शिवलंय कशाने?"

शिवणीतून तिने बोटभर धागा ओढला आणि सांडशीत धरून गॅसवर नेला. धागा आक्रसला आणि त्याचा काळा, कडक मणी झाला.

"पॉलिस्टर," ती म्हणाली. "टोपी जळणार नाही आणि शिवण कानाला चिकटणार."

मी तो हुड बाजूला ठेवला. पत्रकावर इतकी प्रमाणपत्रं छापली होती, पण धाग्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

उरले दोन. पातळ हुड मी भंगाराच्या एका आगीत वापरला. ऐकू छान येत होतं, पण घरी येऊन मान पुसली तर बायकोचा पांढरा टुवाल काळा झाला. ती काजळी मानेच्या कातडीतून अंगात मुरते आणि पुढे दुखणी काढते, असं प्रशिक्षणात सांगितलेलं. तिसऱ्या हुडात तेवढ्यासाठीच दोन पदरांच्या मध्ये काजळी अडवणारा पातळ पडदा होता. मानेला एक ठिपका येत नव्हता. पोदेर गेला तो मात्र ह्याच हुडात.

स्टेशनच्या आवारात मी जोडीदाराला तिसरा हुड घालून पाठमोरा उभा केला. पन्नास पावलं मागे जाऊन शिटी वाजवली. मग पुन्हा वाजवली, आणि मग गाल दुखेपर्यंत.

तो तसाच उभा. थोड्या वेळाने म्हणाला, "वाजव मरे. किती वेळ उभो रवू?"

मी जवळ गेलो. माझा चेहरा बघूनच त्याला कळलं. हुड काढून त्याने नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"फोनाक एकच कान लागता," तो म्हणाला. "तेवढो आसा माझ्याकडे."

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा बायको मशीनवर होती. तिने मशीन थांबवलं, तिसरा हुड पुन्हा उलटा केला आणि कानाच्या जागी बोटं फिरवली.

"अहो, अस्तर लागतं तिथे लावतात. मानेला हवं, गळ्याला हवं. कानावर तीन पदर कशाला? हेल्मेटचा पडदा वरून येतोच ना?"

मला इतका आनंद झाला की मी तिची कात्री उचलली. ती तिने माझ्या हातातून काढून घेतली. "सरकारी नमुना आहे तो. कापू नका, लिहा."

मी चार पानं लिहिली. दुसऱ्या पानावर कानाचं चित्र काढून त्यावर एक पदर कुठपासून कुठपर्यंत ते बाणाने दाखवलं. दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला. बाकी सगळं समजलं म्हणाले, पण काजूगराच्या चित्राचा संबंध काय?

संबंध समजावला. चौकशी केल्यावर कळलं की कानापाशी एकच पदर असलेला हुड बनवणारे त्याच धंद्यात होते, आपल्याकडे कुणी मागितलाच नव्हता. एक नमुना आला. शिवणीचा धागा आधी आमच्या गॅसवर गेला. फक्त काळा पडला. मग जोडीदाराला पुन्हा आवारात उभा केला. मी पन्नास पावलं मोजत मागे चाललो होतो, शिटी अजून खिशात होती, तेवढ्यात तो पाठमोराच ओरडला, "पोदेर इलो. माका तीन पोई सांग."

रस्त्यावर खरंच पोदेर होता. मी पोया घ्यायला जवळजवळ धावतच गेलो.

पण आवार म्हणजे आग नव्हे. ती काजूच्या दिवसांत मिळाली, केरीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर. भर दुपार, वाळलेलं गवत, खालच्या उतरणीला बोंडूंनी लगडलेली बाग. गाडी वरपर्यंत जात नव्हती, म्हणून हिरव्या डहाळ्या तोडून आम्ही गवत झोडपत चढलो. नवा हुड एकच होता, तो जोडीदाराकडे. गाडीपाशीच त्याने सवयीने तो बादलीकडे नेला होता. मी मनगट धरलं.

"कोरडाच घाल. ओला केलास की परत वाफ."

त्याने बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कोरडाच घातला. मी पातळ हुड चढवला.

सड्यावर तासभर बरं चाललं. मग समुद्राकडून वारा फिरला. आग त्याच्या डाव्या अंगाने वळून आली, बहिऱ्या अंगाने, आणि मध्ये इतका धूर झाला की मला तो दिसेना. मी शिटी तोंडात घातली. माघारीला एकच लांब शिटी द्यायची असं ठरलेलं. मी एक लांब दिली आणि मग थांबलोच नाही. छाती रिकामी झाली की श्वास घ्यायचा आणि पुन्हा फुंकायची. धुरातून डहाळी ओढत तो बाहेर आला तेव्हाही मी वाजवतच होतो.

"ऐकलंय मरे," तो वैतागून म्हणाला. "पयल्याच शिटीक वळलंय. मगे सारकी कित्याक वाजवतंस?"

मी शिटी तोंडातून काढली. त्याने हेल्मेट काढलं, हुड काढला. चेहरा कोळशासारखा आणि मान बाळासारखी स्वच्छ. उजवा कान मी हात लावून पाहिला. तो म्हणाला, "लाज सोडलंस काय? लोक बघतत." बाग वाचली होती आणि बागेचा मालक खरंच आमच्याकडे बघत होता.

मी हे सगळं साहेबांना कळवलं, या वेळी चित्राशिवाय. आठवड्याने त्यांचा फोन आला. तोच हुड सगळ्या स्टेशनांसाठी मागवताहेत, आणि तुमचा अभिप्राय इतरांना वाचायला पाठवलाय म्हणाले. जोडीदार पाईपवरच राहणार. आता प्रत्येकाच्या डोक्याचं माप पाठवा.

घरी पोचेपर्यंत मी ते अभिप्रायाचं वाक्य तीन जणांना सांगितलं होतं, त्यातला एक बसचा कंडक्टर. बायकोला साहेबांच्या आवाजात सांगितलं, मग माझ्या आवाजात. मग स्टूल ओढून तिच्या मशीनसमोर ताठ बसलो आणि म्हणालो, "टेप घे. माझ्यापासूनच सुरुवात करू."

तिने टेप गळ्यातून काढला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गळ्यात टाकला.

"उद्या घेऊ," ती म्हणाली. "आज डोक्यात हवा आहे, माप मोठं येईल."