ह्यांच्या माश्या

दिनानाथ लघाटे हा माणूस मोहल्ल्यात कुणाला कधी नीट कळला नाही. मध्यप्रदेश हे नवं राज्य झालं, त्याची सरकारी कचेरी भोपाळला गेली, बरोबरचे कारकून ट्रंका बांधून निघाले, आणि हा म्हणतो, मी नाही येत. का, तर मागच्या अंगणात मधमाश्यांची पेटी आहे आणि सरसों, म्हणजे मोहरी, आता कुठे फुलायला लागलीय. आता बोला! चांगली सरकारी नोकरी सोडून पठ्ठ्या गावातल्याच पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर झाला. लोक हसले. बायको सरोजिनी मात्र चिडली. नवऱ्याशी अबोला धरता येईना, म्हणून तिनं माश्यांशी धरला.

पण रोज डोळ्यांपुढे चाललेलं काम किती दिवस न बघून चालेल? दिनानाथ रविवारी ऊन वर आलं की पेटी उघडायचा. गोणपाटाचा जरासा धूर, आणि मग पोळं धरलेली एकेक चौकट अलगद वर. सरोजिनी पोळ्या लाटता लाटता खिडकीतून बघायची. मग धूर धरायला येऊ लागली. मग पेटीच्या पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून ठेवलेल्या वाट्यांत पाणी भरणं तिच्याकडे आलं. चैत्रात नीम, पाठोपाठ जांभूळ, पावसात सगळीकडे ठणठणाट म्हणून साखरेचा पाक, मग थंडीत सरसों, जवस, धने. माश्यांचं हे वर्ष तिला सणवारांइतकं पाठ झालं. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी दोघं पेटीजवळ खुर्च्या टाकून बसायची आणि बोलायला विषय कमी पडायचा नाही.

वैशाखात दिनानाथ गेला. कारखान्यात छातीत कळ आली आणि घरी आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेरावं झाल्यावर तिचा भाऊ चिंतामण तिला महूला न्यायला आला. ती म्हणाली, "ह्यांच्या माश्या आहेत. ह्यांचा हात ओळखतात त्या. त्यांना टाकून मी कुठं येऊ?"

आणि ती राहिली. पेटी उघडायची तेव्हा साडीवर दिनानाथची न धुतलेली बंडी चढवायची, म्हणजे वास ओळखीचा यावा. दूधवाल्यानं पाणी घातलं, छप्पर गळलं, सगळं माश्यांना सांगायची. त्या डसत नसत. सरोजिनीला वाटे, त्यांना कळतंय. शेजारणी आपसात म्हणत, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. झाला तर झाला, कुणाच्या घरचं काय जात होतं?

पाऊस तिनं पाक देऊन कसाबसा पार पाडला. पण दसरा उलटला तरी पेटी भरेना. दारातली ये-जा रोडावली. शेवटी तिनं बाबूरावांना बोलावलं. बाबूराव म्हणजे दिनानाथचा जिवलग दोस्त, रेल्वेत कारकून, स्वतः दोन पेट्या बाळगून असलेला. मनाचा सोन्यासारखा, पण जिभेला लगाम नाही.

त्यांनी चौकटी वर काढून उन्हात धरल्या. "हे बघा वहिनी, एका घरात अंडं आणि चार घरं रिकामी. राणी थकली. आहे कुठं ती? ही बघा."

राणीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका होता. ती चटकन सापडावी म्हणून दिनानाथनं दोन वर्षांपूर्वी काडीनं लावलेला.

"सरसों फुलायच्या आत हिला काढायला हवं," बाबूराव म्हणाले. "माझ्या पेटीत नव्या राणीचं घर, म्हणजे आत राणी वाढत असलेला कोष, तयार आहे. कापून आणतो, इथं बसवू."

"काढायचं म्हणजे?"

"म्हणजे मारायचं."

"भावजी, ह्यांच्या माश्या आहेत ह्या. ह्यांच्या हातच्या."

"कुठल्या त्याच्या?" बाबूराव बोलून गेले. "कामकरी माशी जगते दीड-दोन महिने. दिनू वैशाखात गेला. त्याच्या वेळच्या सगळ्या श्रावणाच्या आतच संपल्या. ह्यांतल्या एकीनंही त्याला पाहिलेलं नाही. त्याची म्हणाल तर ही एकटी उरली."

बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण उपयोग काय? सरोजिनीला हे माहीत नव्हतं असं नाही. माशीचं आयुष्य केवढं, हे नवऱ्यानंच तिला कितीदा सांगितलं होतं. हिशेब तेवढा तिनं मांडला नव्हता. आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, आणि वैशाखातलं दुःख पुन्हा पहिल्यासारखं उभं राहिलं. ती म्हणाली, "आज नको." दुसऱ्या दिवशी तिनं बंडी घडी करून ठेवून दिली. कुणासाठी घालायची?

बाबूराव पुन्हा आले, चहा घेऊन परत गेले. पुन्हा आले, पुन्हा तेच. "वेगळ्या डब्यात नाही का ठेवता यायची हिला?" तिनं विचारलं. ते म्हणाले, "मूठभर माश्यांत ती थंडी काढणार नाही, वहिनी. हाल होतील तिचे."

गौतमपुऱ्याकडची शेतं पिवळी व्हायला लागली आणि इकडे पेटीच्या कोपऱ्यातल्या चौकटीत मेण खाणाऱ्या किड्यानं जाळं धरलं. सरोजिनीनं ती चौकट हातात घेतली आणि तिला नवऱ्याचीच गोष्ट आठवली. ह्या राणीच्या आधीची राणी अशीच थकली, तेव्हा त्यानं स्वतःच्या अंगठ्यानं संपवली होती. रात्री जेवला नव्हता, पण पेटी मरू दिली नव्हती. ह्यांची राणी राखावी तर ह्यांची पेटी जाते. पेटी राखावी तर राणी जाते. किती दिवस घोळवणार?

बाबूराव आले तेव्हा ती म्हणाली, "मी करते. तुम्ही हात लावू नका."

राणी सापडायला वेळ लागला नाही. सरोजिनीनं तिला दोन बोटांत धरलं. "रागावू नका हो," ती म्हणाली. ते राणीला होतं की आणखी कुणाला, कोण जाणे. मग तिनं बोटं दाबली.

राणी गेल्याचं पेटीला कळायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत आतून एक घोगरा, ओढलेला आवाज सुरू झाला. सरोजिनी पेटीशेजारी बसली आणि मोकळी रडली. खूप रडली. तिला वाटलं, चला, निदान सोबत तरी आहे.

सकाळी बाबूरावांनी आपल्या पेटीतून नव्या राणीचं ताजं घर कापून आणलं आणि चौकटीत बसवलं. पुढचं सगळं सुरळीत झालं. धने फुलले तेव्हा पेटीत माश्या मावेनात. बाबूरावांनी जड झालेली चौकट उचलून दाखवली. "बघा वहिनी! दिनूच्या वेळीसुद्धा इतकी भरली नव्हती. वाचवलीत तुम्ही."

सरोजिनीनं पाहिलं. माश्या आपल्या कामात होत्या, तिच्याकडे एकीचंही लक्ष नव्हतं.

"एक संध्याकाळ रडल्या, भावजी," ती म्हणाली. "सकाळी नवी राणी आली आणि लागल्या कामाला. मीही बसले होते हो त्यांच्याबरोबर रडायला. मग कामाला लागणं मला का नाही जमलं?"

बाबूरावांनी चौकट अलगद परत पेटीत सोडली.